केतकीची कावीळ

"आलं बघा! उतरायला लागली!"

तात्यांनी परात पुढे ढकलली आणि सतरंजीवर बसलेल्या चारही बायका एकदम वाकल्या. परातीतलं पाणी पिवळंधमक झालं होतं. मघाशी ते साधं चुन्याचं पाणी होतं, मी स्वतः कालवून दिलेलं. तात्यांनी केतकीच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत कसलातरी पाला चोळला, तोंडातल्या तोंडात काहीबाही पुटपुटले आणि म्हणाले, "धू आता पोरी, सावकाश." तिनं हात धुतले आणि पाण्यात हळद कालवावी तसं झालं.

"अगं बाई! केवढी भरली होती अंगात!" पिसाळकाकूंनी तोंडावर हात ठेवला. "आणि मी मेली म्हणत होते, पोरगी चांगली टवटवीत दिसतेय."

"नखं बघा की, नखं," त्यांची सून म्हणाली.

"वेळेवर बोलावलं तात्यांना, बाई. आता काळजी नको," लाडवहिनी माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या. कावीळ उतरवणाऱ्या या तात्यांना ओगलेवाडीहून त्यांनीच आणवलं होतं. त्यांची जाऊही सोबत आली होती, बघायला.

तात्या पथ्य सांगायला लागले. तीन दिवस उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. ऊन नाही, वारा नाही, तेल-तिखट नाही. केतकी ओले हात तसेच धरून पाटावर बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं. मी नजर वळवली. माझ्या समजुतीप्रमाणे त्या खोलीत आम्हा दोघींनाच ठाऊक होतं, की केतकीला कावीळ झालेलीच नव्हती.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत फोन वाजला. तेव्हा आमच्याकडे लँडलाइन होता. मी पडदा सारून बाहेर गेले, दोन मिनिटं बोलले आणि परत आत आले.

"कुणाचा हो?" पिसाळकाकूंनी विचारलंच.

"कॉलेजचा," मी म्हणाले. "केतकी कधी हजर होतेय, विचारत होते. म्हटलं, अंगात जरा ताकद येऊ दे, मग पाठवते."

"बघा! स्वतःहून फोन करतात म्हणजे!"

"हुशार पोरगी आहे ती. तिला कोण सोडतंय?" लाडवहिनी म्हणाल्या.

मी चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले. आधण उकळून उकळून निम्मं झालं तरी माझं लक्ष नव्हतं.

चौदा वर्षं झाली या गोष्टीला. त्या फोनवर मी काय बोलले, ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या नवऱ्यालाही नाही. पण सांगायचं तर पहिल्यापासून सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, बाईचं डोकं फिरलं होतं. डोकं वगैरे काही फिरलं नव्हतं. चांगली शुद्धीवर होते मी.

मी कराडला प्राथमिक शाळेत शिक्षिका. शैलजा देवकुळे. आख्ख्या शिक्षक कॉलनीत मला नावानं कुणी हाक मारत नसे. देवकुळे बाई! शिष्यवृत्तीचा वर्ग घ्यायचा तर देवकुळे बाईंनी. वीस वर्षं चौथीची पोरं घासूनपुसून परीक्षेला बसवली आणि यादीत आणली. त्याचा मला गर्व होता. गर्व कसला, मस्तीच होती म्हणा ना. रस्त्यात पोर दिसलं की माझा पहिला प्रश्न, "किती पडले रे?" कसा आहेस, आई बरी आहे का, हे मागाहून.

लाडवहिनी आमच्या शेजारच्या. भिंतीला भिंत. त्यांचा ओंकार केतकीच्या दोन वर्षं आधी बारावीत गणितात नापास झाला. मला ते त्याच्या कॉलेजातल्या एका मॅडमकडून आधीच कळलं होतं. तरी मी वटपौर्णिमेला, वडाला सूत गुंडाळता गुंडाळता, कॉलनीतल्या सगळ्या बायकांसमोर विचारलं, "लाडवहिनी, ओंकारला किती पडले हो? कळवलंच नाहीत." त्यांच्या हातातला दोरा थांबला. "तो सांगलीला गेलाय, मामाकडे," एवढंच त्या म्हणाल्या. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. मी मनातल्या मनात हसले. हो, हसले. आता खोटं कशाला बोलू?

तर अशा या देवकुळे बाईंची एकुलती एक मुलगी केतकी बारावीला बसली आणि कॉलनीनं आधीच ठरवून टाकलं, ही डॉक्टर होणार. मीच ठरवलं होतं, कॉलनीनं नुसती मान डोलावली. केतकीला कुणी विचारलं नव्हतं. तिला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, कारण एकदा तिनं सांगितलंही होतं. ती नववीत असताना माझ्या दिरांच्या मळ्यात म्हैस अडली. जनावरांच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आल्या, बाह्या सरसावल्या आणि कामाला लागल्या. ही पोरगी सकाळपासून गोठ्यात बसून होती. रेडकू बाहेर येऊन उभं राहीपर्यंत जेवली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "आई, मी जनावरांची डॉक्टर होणार." मी म्हटलं, "शेणात हात घालायला का मी तुला एवढं शिकवतेय?" त्यानंतर तिनं तो विषय माझ्यासमोर काढला नाही.

सीईटीचा निकाल लागला. मार्क चांगले होते, पण माणसांच्या डॉक्टरकीला पुरतील की नाही, अशा काठावरचे. पहिली यादी लागली, नाव नाही. दुसरी लागली, नाव नाही. मी घरात भांडी आपटायला लागले. तिसऱ्या यादीत नाव आलं ते प्रतीक्षा यादीत, अकरावा नंबर.

सायबर कॅफेतला मुलगा म्हणाला, "मॅडम, अकरा म्हणजे काहीच नाही. गेल्या वर्षी चाळीसपर्यंत गेलेली यादी. झालंच समजा."

मी झालंच समजले. आयुष्यभर पोरांना शिकवलं, पेपर लिहायच्या आधी प्रश्न नीट वाचा. आणि स्वतः तिथून परस्पर मिठाईच्या दुकानात गेले, पेढे घेतले आणि कॉलनीतल्या घराघरात वाटले. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! आमचे हे एसटीत कंट्रोलर होते. संध्याकाळी ड्युटीवरून आले तर अर्ध्या कॉलनीनं त्यांचं रस्त्यातच अभिनंदन केलेलं. घरात पाऊल टाकताच म्हणाले, "अगं, नुसता वेटिंगला नंबर आहे ना? गाडीत चढण्याआधी तिकीट फाडलंस की तू."

"अकरावा आहे. होतंच," मी म्हणाले.

यादी नवव्या नंबरावर थांबली. अकरावा तो अकरावाच राहिला. ऑगस्ट उजाडला, त्या कॉलेजचे वर्ग सुरू झाले, आणि आमची केतकी घरात. एक दिवस सकाळी मी दूध घ्यायला फाटकाशी उभी होते. लाडवहिनींनी सहज विचारलं, "केतकी गेली नाही का हो अजून हॉस्टेलला?"

आजूबाजूला तिघीचौघी होत्या. मला एकदम तो वड दिसला. तो दोरा दिसला. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कशी जाणार? कावीळ झालीय तिला."

कावीळच का सुचली, देव जाणे. ताप म्हटलं असतं तर चार दिवसांत उतरला असता. काविळीला पंधरा दिवस, महिना, कितीही म्हणता येतं. तेवढ्यात कुठेतरी काहीतरी होईल, एखादी जागा निघेल, असा माझा हिशोब.

घरात येऊन केतकीला सांगितलं.

"आई, मला काही झालेलं नाही."

"पंधरा दिवस फक्त. मधल्या खोलीतून बाहेर यायचं नाही."

"त्यापेक्षा सांगून टाक ना, नंबर लागला नाही म्हणून. त्यात काय एवढं?"

"त्यात काय? पेढे खाल्लेत लोकांनी!"

"मग मी काय ते परत आणू का?" केतकी म्हणाली. मी हात उगारला. मारलं नाही, पण उगारला.

आणि मग सुरू झालं आजाऱ्याला बघायला येणं. आपल्याकडे माणूस आजारी पडला की सुखानं पडून राहू देत नाहीत. कुणी मोसंबी आणली, कुणी फुटाणे, कुणी मुळ्याचा पाला. लाडवहिनी तर रोज सकाळी स्टँडजवळच्या गुऱ्हाळावरून तांब्याभर उसाचा रस आणून द्यायच्या. ताजा, बर्फ न घातलेला. केतकी त्याला तोंड लावायची नाही. "मी आजारी नाही आणि मी तो रस पिणार नाही," असं तिनं पहिल्याच दिवशी जाहीर केलं. टाकून देणं माझ्या जिवावर यायचं. शेवटी तो रस हे प्यायचे. पंधरा दिवसांत यांची पँट कमरेत दाटायला लागली. "कावीळ पोरीला आणि बाळसं बापाला," असं म्हणून ते एकटेच हसले. मला हसू आलं नाही. मी शाळेतही मुलीच्या आजारपणाची रजा टाकली होती. एक खोटं पचवायला दुसरं, दुसऱ्याला तिसरं.

केतकी त्या खोलीत दिवसभर पडून असायची. पंखा, खिडकी, भिंत. माणसं आली की मी म्हणायची, "डोळे मिटून घे." ती मिटायची. माणसं गेली की ती एकच प्रश्न विचारायची.

"फोन आला का गं?"

कारण तिची एक दुसरीही प्रतीक्षा यादी होती. मी यादीमागून यादी बघत फिरत होते तेव्हा तिनं वडिलांची सही घेऊन पशुवैद्यकीयचा फॉर्म परस्पर भरला होता. कॉलेज एसटीनं दोन तासांवर. तिथे तिचा नंबर लागला होता सातवा. मला कळलं तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला. "ढोरांची डॉक्टर! कॉलनीत सांगू काय?" पण रद्द करा म्हणून मी म्हटलं नाही, हेही खरं. असू दे पडलेला एक फॉर्म, असं मनात होतं. फॉर्मवर घरचाच फोन नंबर होता.

"आला तर सांगेन ना," मी म्हणायची.

"आई, तो आला तर मी जाणार हं. मग कावीळ असो की काही असो."

"बरं."

"शपथ घे."

"शपथा कसल्या घ्यायच्या? आला तर जा."

तिला एवढंच हवं होतं. त्या पंधरा दिवसांत तिनं दुसरं काहीही मागितलं नाही.

आता त्या दिवसाचं सांगते. तात्या आले तो दिवस. साडेअकराचा सुमार. पाणी पिवळं झालं, बायका अगं बाई, अगं बाई करायला लागल्या, तात्यांनी पथ्य सांगायला घेतलं आणि फोन वाजला. मी पडद्याबाहेर गेले.

"केतकी देवकुळेंचं घर का?" बाप्याचा आवाज, घाईतला.

"हो. मी आई बोलतेय."

"पशुवैद्यकीय कॉलेजातून बोलतोय. वेटिंगला सातवा नंबर होता बघा तुमचा. जागा निघालीय. आज तीनपर्यंत मूळ कागद घेऊन मुलीला समक्ष हजर करा. शेवटची फेरी आहे, मॅडम, तीनच्या पुढे मला थांबता येणार नाही."

तीनला अजून साडेतीन तास होते. स्टँडवर आमचे हे स्वतः होते. अर्ध्या तासाला गाडी सुटायची, पहिल्या गाडीत त्यांनी आम्हाला पुढच्या बाकावर बसवलं असतं. कागदांची फाइल फोनखालच्याच कपाटात होती. मला नुसतं वाकून ती काढायची होती आणि हाक मारायची होती. केतकी, ऊठ, चल.

पडद्यामागून पिसाळकाकूंचा आवाज आला, "तीन दिवस उंबऱ्याबाहेर नाही, ऐकलंस ना गं?"

मला दिसायला लागलं. केतकी उठून चपला घालतेय. चार बायका बघतायत. तात्या बघतायत. परातीत पिवळं पाणी तसंच. "बाई, कुठे नेताय पोरीला एवढ्या आजारात?" मग काय सांगायचं? कावीळ नव्हतीच? मेडिकल मिळालंच नव्हतं? ढोरांच्या कॉलेजात चाललोय? पेढे, कावीळ, रजा, सगळं एका दमात त्या सतरंजीवर ओतावं लागलं असतं. आणि लाडवहिनी समोर. सगळ्या सोडून लाडवहिनी!

"मॅडम, येताय ना?"

मी रिसीव्हरवर हात धरला, आवाज खाली आणला. "नाही जमणार. तिला कावीळ झालीय."

"अरेरे. दुसरं कुणी घेऊन येईल का? नुसती सही करून गेली तरी चालेल. तासभराचं काम आहे."

बघा, त्या माणसानंसुद्धा वाट काढून दिली होती. परका माणूस. त्याला काय पडलं होतं?

"नाही हो. उठताच येत नाही तिला."

"मग आठव्या नंबरला फोन लावू का? नक्की?"

"लावा," मी म्हणाले.

फोन ठेवला. पडदा सारला. "कुणाचा हो?" पिसाळकाकूंनी विचारलं, आणि मी काय सांगितलं ते तुम्हाला आधीच सांगितलंय.

चहा झाला. बायका बाराच्या पुढे निघाल्या. अजूनही वेळ होता, हे लक्षात घ्या. अजूनही रिक्षा करून स्टँड गाठता आलं असतं, त्या माणसाला उलटा फोन करता आला असता. मी भांडी घासली. मग आधीच घासलेली भांडी पुन्हा घासली. एक वाजला, दोन वाजले. मी स्वतःला समजावत होते, बरंच झालं, पुढच्या वर्षी परत सीईटी देईल, चांगलं मेडिकलच मिळेल. तीनचे टोले मी स्वयंपाकघरात उभ्यानं ऐकले.

सव्वातीनच्या सुमाराला मधल्या खोलीतून केतकीची हाक आली.

"आई, तो रस आहे का गं सकाळचा?"

मी चपापले. "आहे. का?"

"दे."

मी पेला भरून नेला. ती उठून बसली आणि एका दमात प्यायली. पेला माझ्या हातात दिला, भिंतीकडे तोंड करून परत झोपली. त्या दिवसापासून तिनं "फोन आला का" म्हणून विचारलं नाही. मला वाटलं, कंटाळली असेल. मला वाटलं, पोरगी वळणावर आली. काय काय वाटून घेतो माणूस.

चार दिवसांनी लाडवहिनी रस घेऊन आल्या. घरात आम्ही दोघीच. केतकी आत. त्या नेहमीसारख्या ओट्यावर तांब्या ठेवून गेल्या नाहीत, दाराला टेकून उभ्या राहिल्या.

"बाई, एक बोलू का? रागावणार नाही ना?"

"बोला की."

"आता पोरीला जरा बाहेर सोडा. किती दिवस कोंडायचं चांगल्या पोरीला?"

"चांगली कुठली? अजून डॉक्टरांनी..."

"बाई." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "माझ्या सासऱ्यांना दोनदा झालेली कावीळ. मला डोळे बघितले की कळतं. केतकीचे डोळे पहिल्या दिवसापासून पांढरेशुभ्र आहेत."

माझे कान तापले. तरी मी आपली बुडत्याला काडीचा आधार, तशी म्हणाले, "मग ते पाणी? तुमच्यासमोर पिवळं झालं ना?"

"तात्यांच्या परातीत कुणीही हात धुतले तरी पाणी पिवळंच होतं. त्या पाल्याचा रंग आहे तो. मी माझे धुऊन बघितलेत."

"मग त्यांना आणलंत कशाला तुम्ही?"

लाडवहिनी पदरानं हातातल्या तांब्याची कड पुसत राहिल्या.

"पिसाळकाकू कुजबुजायला लागल्या होत्या. पोरीला काही झालेलं नाही, बाईंनी थाप मारलीय म्हणून. म्हटलं, एकदा चारचौघींसमोर पाणी पिवळं झालं की तोंडं बंद होतील सगळ्यांची. ओंकारच्या वेळी माझ्यासाठी असं कुणी केलं नाही, बाई. फार वाईट गेले ते दिवस."

त्या एवढंच म्हणाल्या. मला टोमणा मारायचा त्यांचा हेतू नव्हता, शपथेवर सांगते. टोमणा असता तर मी चौपट परतवला असता. तो माझा प्रांत. त्या बाईनं माझी लाज झाकायला तात्यांना आणलं होतं, रोज सकाळी पायी जाऊन रस आणला होता. आणि त्याच लाजेपायी, त्याच बाईसमोर उघडी पडायला नको म्हणून, मी माझ्या पोरीची जागा आठव्या नंबरला देऊन टाकली होती. धरणीमाते, पोटात घे, असं म्हणतात ना, ते मला त्या दिवशी कळलं. सांगून टाकावं असं वाटलं. तोंड उघडलंही. पण म्हणाले काय, तर "चहा घेता का?"

मेडिकलचं वेटिंगमध्येच राहिलं, हे पुढे हळूहळू कॉलनीला कळलंच. केतकीनं कराडलाच बीएस्सी केलं. पुन्हा सीईटी देणार नाही म्हणाली, आणि ती एकदा म्हणाली की म्हणाली. पुढे दूध संघाच्या लॅबमध्ये लागली. आजही तिथेच आहे. कॅनमधलं दूध तपासते, फॅट बघते. नवरा चांगला आहे, एक मुलगा आहे. सुखात आहे, असं मी लोकांना सांगते, आणि ते खोटंही नाही. फक्त कधी माझ्याकडे राहायला आली आणि रस्त्यावर एखादं लंगडणारं कुत्रं दिसलं, की ती थांबते, त्याचा पाय हातात घेऊन बघते. अशा वेळी मी पुढे चालत राहते. तिथे मला उभं राहवत नाही.

परवाच्या जुलैत ती दोन दिवसांसाठी आली होती. दुपारी आम्ही दोघी गवार मोडत बसलो होतो. लाडवहिनी आल्या, आता चांगल्या सत्तरीच्या. चेहरा उतरलेला. त्यांच्या थोरल्या मुलीची मुलगी, धनश्री, फिजिओथेरपीच्या प्रतीक्षा यादीत अडकली होती. पाचवा नंबर.

"पोरगी जेवत नाही गं," त्या केतकीला सांगत होत्या. "आणि तिची आई तिच्याहून जास्त. कुणी विचारलं तर काय सांगायचं, म्हणून ती कुठे जात-येत नाही. तू जरा समजाव की त्यांना. तुझंही असंच झालेलं ना."

"समजवायचं काय, काकू?" केतकी म्हणाली. शेंगांवरची नजर तिनं काढली नाही. "पाचवा म्हणजे येईलही फोन. फक्त एक करा. फोन धनश्रीच्या हातात राहू दे. आईच्या नको."

मी हातातली शेंग ताटात परत ठेवली.

लाडवहिनी "बरं, बरं, सांगते हो," म्हणत थोड्या वेळानं गेल्या. मी फाटक लावून आले. केतकी तशीच शेंगा मोडत होती.

"केतकी," मी म्हणाले, "तुला माहीत होतं?"

"मध्ये नुसता पडदा होता, आई. आणि मी त्याला लागूनच बसले होते."

"सगळं ऐकलंस?"

"'लावा' म्हणालीस तू."

मी तिच्यासमोर खाली बसले. "मग तू उठली का नाहीस? मी तर भेकड होते, खोटारडी होते. तू शपथ घालत होतीस मला. धावत का आली नाहीस बाहेर? माझ्या हातातून फोन का नाही हिसकावून घेतलास?"

केतकीनं शेवटची शेंग मोडली. दोरे एका बाजूला केले, मोडलेली गवार दुसऱ्या. मग माझ्याकडे बघितलं. राग नव्हता तिच्या डोळ्यांत. राग असता तर मला पेलला असता.

"चार बायका बसल्या होत्या ना, आई," ती म्हणाली.

आणि गवारीचं ताट उचलून ती फोडणी टाकायला आत गेली.